बर्नर आता शिंकत नाही

डिचोली,
मे महिना संपता संपता, रविवार

प्रिय परेश,

पाकीट बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. आईंचा गुडघा कुरकुरतो आहे, पण तो कुरकुरला नाही तर त्यांनाच करमत नाही. तनया सुट्टीला हरमलला माझ्या माहेरी आहे आणि मामाच्या खोल्यांत उतरलेल्या उरल्यासुरल्या पर्यटकांना म्हणे भाकरी थापायला शिकवते आहे. स्वतःला अजून धड थापता येत नाही, पण आत्मविश्वास बापाचा. मी पत्र लिहिते आहे ते एवढ्यासाठीच, की फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. मी अर्ध्यावर असते तोवर तुझं उत्तर तयार असतं. कागदाला मधेच तोडता येत नाही. तुझ्या मित्राची, अभिजीतची बायको वर्षा सुट्टी संपवून परवा मोपा विमानतळावरून मस्कतला परत निघते आहे. तिच्या हाती हे पाकीट देते. सोबत कोकमाची सोलं आहेत, आईंनी केलेलं कैरीचं मिसकूट आहे आणि तू पाठवलेला तो कागदही आहे.

त्या कागदाचं आधी बोलते. मामंजींनी उभी केलेली औद्योगिक वसाहतीतली आपली शेड बियरच्या गोदामवाल्याला देऊन टाकायची, असं तू फेब्रुवारीतच ठरवून मोकळा झालास. वापरलेलं तेल शुद्ध करायचा धंदा बंद करायचा, टाक्या भंगारात घालायच्या. अडलं ते फक्त माझ्या सहीपाशी. आपल्या गोव्यात बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला घरातली वीट विकता येत नाही, हे पोर्तुगीज काळच्या कायद्याने माझ्यावर केलेले उपकार. तू दर फोनला विचारतोस, झाली का सही? मी दर वेळी म्हणते, बघते. आता बघून झालं आहे. उत्तर शेवटी देईन, पण आधी इथे काय घडलं ते ओळीने वाच. शेवटचं पान आधी उघडायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

फेब्रुवारीत तू विकायचं म्हणालास तेव्हा तुझं काही चुकत नव्हतं, हे कबूल. सगुणबाबने त्याच आठवड्यात आपला टँकर परत पाठवला होता. आपलं तेल नियमाने घेणारं तेच एक मोठं गिऱ्हाईक, त्याच्या भट्टीवर आपली शेड चालते. तो स्वतः स्कूटर घेऊन आला, कदेल ओढून बसला, चहा प्यायला आणि मग म्हणाला, "वयनी, राग मानूं नाका, पूण तुमच्या तेलान म्हजो बर्नर शिंकता." जळता जळता फडफडतो, विझतो, पुन्हा पेटवावा लागतो. तेलात पाणी राहिलं की दुसरं काय होणार? आणखी एकदा असं झालं तर आपण दुसरीकडून घेऊ, असं तो जाता जाता अगदी गोड आवाजात सांगून गेला. म्हणजे तुझा बियरवाला दारात उभाच होता.

खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या तळाचं, जुन्या बॉयलरांचं जड तेल आपण आणतो ते कसं असतं, ते तुला काय सांगायचं. तरी माझ्या समाधानासाठी लिहिते. पाणी नुसतं खाली साचलेलं असेल तर तोटी उघडली की काम झालं. पण ते बारीक बारीक थेंब होऊन तेलात दडून बसतं तेव्हा तेल काळं राहत नाही, तपकिरी होतं, नाचणीच्या तिजानासारखं घट्ट होतं, आणि महिनाभर ठेवलं तरी वेगळं होत नाही. मग आपण ते तापवतो आणि त्यात तुझं औषध घालतो. शेडमध्ये सगळे त्याला 'वखद'च म्हणतात. थेंबांभोवतीची साय त्या वखदाने फाटते, थेंब एकमेकांना मिळतात, मोठे होतात आणि जडपणाने खाली बसतात. बाटलीत हे सगळं छान होत होतं. मागच्या सुट्टीत तू जनेलीपाशी, खिडकीच्या उजेडात, बाटल्यांची रांग लावून, कितीतरी वखदं तपासून हे एक निवडलंस. बाटली हलवून कानाशी धरायचास, तेल तुला काही सांगणार असल्यासारखं. ताळगावच्या पठारावर, विद्यापीठात, मी तुला पहिल्यांदा पाहिलं ते असंच, बाटली कानाशी धरलेला. मैत्रिणी हसल्या होत्या आणि मीही हसले होते.

बाटलीत पाणी सुटत होतं आणि टाकीत सुटत नव्हतं. तू जाताना भिंतीवर लाल तेलरंगाने लिहून गेला होतास, 'बाटलीत जो वेग, तोच टाकीत.' शेडवरचा आपला दत्ताराम त्या ओळीला रोज सकाळी उदबत्ती तेवढी ओवाळत नव्हता. त्यात त्याचा स्वतःचा भक्तिभाव वेगळा. स्टिररचा नॉब दिसला की त्याचा हात आपोआप वर जातो. तेलावर फेस आला नाही तर त्याला वखद लागलंच नाही असं वाटतं. मी म्हटलं, दत्ताराम, जरा हळू फिरव. तर म्हणतो, "बाये, घुसळल्याबगर लोणी येता?" तुला फोन केला तर तूही तेच, वेग वाढव, वखद वाढव. मस्कतला बसलास म्हणून मी उंटावरून शेळ्या हाकणं हे शब्दशः घेतलं. दोन्हीही वाढवून पाहिलं. तेल आणखी घट्ट झालं.

मी तेव्हा तुझ्याशी भांडले नाही, कारण मला अजून कारण सापडलं नव्हतं, आणि कारणाशिवाय भांडायला मी काही तुझी आत्या नाही. पण डोक्यात घोळत होतं. तुझी बाटली ढवळायची कांडी बोटभर, टाकीतलं पातं हातभर लांब. दोन्ही एकाच फेऱ्यांनी फिरवली तर फेरे सारखे, पण पात्याचं टोक किती जोरात पळतं याचा हिशेब कोणी करायचा? जत्रेतल्या पाळण्यात मधे उभं राहिलेल्याला काही वाटत नाही, कडेला लटकलेला ओरडतो. तिथे टोकाशी, जेमतेम जुळलेले थेंब पातं पुन्हा चिरडत होतं. आणि तेल इतकं जड, की दांड्याजवळ वादळ आणि भिंतीजवळ सगळं थिजलेलं. म्हणजे एका जागी वखद पोचून फुकट जात होतं आणि दुसऱ्या जागी पोचतच नव्हतं. तुझ्या तिकडच्या तेलविहिरींवर वखद पाइपात घालतात, ते मैलोगणती वाहता वाहता आपसूक मिसळतं. तिथे तुला नॉब हातात घ्यावाच लागला नाही, म्हणून तुझ्या लक्षात आलं नाही. हे मी तुझी बाजू घेऊन म्हणते आहे, लक्षात ठेव.

आता हे दत्तारामला कसं पटवायचं? तो मामंजींच्या वेळचा माणूस. त्याच्या हातातून नॉब काढून घेणं म्हणजे पुजाऱ्याच्या हातातून घंटा काढून घेणं. मी वाट पाहिली. कशाची सांगू? शिरगावच्या जत्रेची. दत्ताराम लईराई देवीचा धोंड, निखाऱ्यांतून चालणारा व्रतस्थ. दर वर्षी जत्रेच्या आधी तो व्रताला बसतो, बरोबरच्या धोंडांत झऱ्याकाठी राहतो, सोवळ्यात स्वतःचं रांधून खातो, आणि तेवढे दिवस त्याच्यासाठी शेड, तेल, मी, कोणीच नसतं. त्याने जायच्या दिवशी सकाळी टाकी तापवली, वखद घातलं, आपल्या पद्धतीने भराभर फिरवायला घेतलं. थोड्या वेळाने मी म्हटलं, दत्ताराम, तुला आंघोळ करून वेळेत पोचायचं आहे, नीघ तू, पुढचं मी बघते. त्याने देवीची आण घालून विचारलं, फिरवत राहशील ना? मी म्हटलं, फिरवीन. हळू फिरवीन एवढं सांगितलं नाही. तो पाठमोरा झाला आणि मी नॉब खाली आणला, पातं दमलेल्या बैलासारखं चालेल इतका खाली.

जत्रेत अर्धी वसाहत रिकामी असते. शेडमध्ये मी, वाफेच्या नळ्यांची फुसफुस आणि ते संथ पातं. दुपारपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसले आणि मग स्टिरर अगदी बंद केला. एका घटकेला वाटलं, विनिता, तू नवऱ्याचंही ऐकलं नाहीस आणि दत्तारामचंही, उद्या टाकीभर तेल वाया गेलं तर सही करून मोकळी हो. पण तेवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी खालची तोटी उघडली आणि पाणी आलं, परेश. आधी गढूळ, मग स्वच्छ, विहिरीचं असतं तसं. बादल्यांवर बादल्या. मी हातात घेतलं, वास घेतला, एकटीच मोठ्याने हसले. पदेर पाव घेऊन दाराशी आला होता. त्याने बाईला वेड लागलं अशा चेहऱ्याने दोन उंडे जास्तच ठेवले.

दत्ताराम होमखणाच्या निखाऱ्यांतून चालून, मोगऱ्याच्या माळा घेऊन परत आला. मी त्याला काचेत भरलेलं तेल दाखवलं, काळं कुळकुळीत. त्याने ते उजेडात धरलं, पुन्हा पाहिलं, मग मला नाही, माळेला हात जोडले. "बाये, हें देवीन केलां." मी म्हटलं, देवीनेच केलं, म्हणून तर आता देवीचाच वेग ठेवायचा, बदलायचा नाही. त्याने मान डोलावली आणि एक माळ स्टिररच्या मोटरवर चढवली. आठवडाभर शेडमध्ये जळक्या तेलाला मोगऱ्याचा वास येत होता. श्रेय देवीला गेलं तर माझं काय बिघडलं? नॉब हलला नाही, हे महत्त्वाचं.

पण पुढची टाकी फसली. त्याच वेगाने, त्याच वखदाने. दत्ताराम माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागला की जणू मी घरी सुकटं खाऊन आले आणि देवी कोपली. मी मात्र एकच प्रश्न विचारत होते, जत्रेत काय केलं नव्हतं जे आता केलं? उत्तर तुझ्या पंपाचं निघालं. जत्रेत तेल त्याच टाकीत निवळत राहिलं होतं. आता आपण ते तुझ्या त्या नव्या निळ्या पंपाने निवळणीच्या टाकीत नेलं. आतली चकती इतकी गरगरते की टाकीत जपून जपून मोठे केलेले थेंब तिथे एका दमात पुन्हा चुरा. मग मी मामंजींचा जुना रुंद नळ उघडवून घेतला. त्यांनी ढवळायची टाकी उंच चौथऱ्यावर का बांधली होती, ते तेव्हा कळलं. तेल आपलं आपण उतरत जावं म्हणून. इथली खाण बंद पडल्यावर त्यांनी वापरलेल्या तेलाचा हा धंदा सुरू केला, तेव्हा पंप घ्यायला जमलं नसेल, किंवा त्यांना खरंच समजलं असेल. आईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तांकां पंपाचो आवाज सोंसनासलो." एवढंच कारण निघालं. आता तेल तिथून जातं, सावकाश, आवाज न करता.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात टँकर सगुणबाबकडे गेला. मी मागोमाग स्कूटरने गेले, कारण घरी बसून फोनची वाट बघणं मला जमत नाही. भट्टी पेटवली. तो एका बाजूला, मी दुसऱ्या, मधे तो बर्नर, आणि आम्ही दोघं लग्न ठरवायला बसल्यासारखे अवघडून. ज्योत एकसारखी जळत राहिली. बराच वेळ गेल्यावर तो म्हणाला, "शिंकना मगो!" मी म्हटलं, शिंकणार कसा, त्याचं पडसं गेलं. त्याने मला मोठ्या आग्रहाने शहाळं पाजलं आणि वर्षभराच्या तेलाचं बोलून टाकलं. एवढंच नाही, दोन नवे बार्जवाले त्याच्या सांगण्यावरून येऊन आपल्या तेलाचे नमुने ठेवून गेले. आईंना सांगितलं तेव्हा त्या सोलं निवडत होत्या. म्हणाल्या, "मागीर त्या शेडींत बियरीचे खोके कोण दवरता तें पळयतां हांव." खोके ठेवायला येणाऱ्याची आता खैर नाही; तुझी आई आहे, तूच समजाव तिला.

हे सगळं मी तुला फोनवर का नाही सांगितलं, असं तुला वाटेल. दोनदा सांगायला घेतलं. पण तू हल्ली माझं ऐकत नाहीस, परेश, नुसता होकार देतोस. आणि तुझे फोन भलत्याच वेळी येतात. पूर्वी वाळवंटातल्या कॅम्पवरून तू संध्याकाळी बोलायचास, मागे पंपांची घरघर असायची, तुला ओरडून बोलावं लागायचं. आता भर दुपारी येतो, आवाज अगदी स्वच्छ. मागच्या आठवड्यात तुझ्यामागे कुकरची शिट्टी झाली. मी म्हटलं, कॅम्पच्या मेसमध्ये कुकर आला वाटतं? तू म्हणालास, हो, नवीन आहे. आणि घाईघाईने तनयाच्या अभ्यासाचं विचारलंस. दोनशे माणसांच्या मेसमध्ये घरगुती कुकर! इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस माझ्या वाट्याला आला याचं मला त्या दिवशी फार बरं वाटलं. पण रात्रभर मी कूस बदलत राहिले.

वर्षा परवा घरी आली. तिच्यावर रागावू नकोस, तिला वाटलं मला माहीत आहे. ती सहज म्हणाली, परेशभावजी आमच्या हॉलमध्ये गादी टाकतात, यांना सोबत होते, वरण तर माझ्यापेक्षा बरं करतात. मी चेहरा हलू दिला नाही. तिच्याकडूनच कळलं की जानेवारीत कंपनीने तुमची अख्खी तुकडी कमी केली, तू रोज दुसरीकडे अर्ज टाकतोस, आणि पावसाळ्यात तुझा व्हिसा संपतो. मग मला फेब्रुवारीतला तुझा तो कागद नीट वाचता आला. तुला शेड नको आहे असं नव्हतंच. रिकाम्या हाताने परतलास असं कोणी म्हणू नये, म्हणून तुला हातात काहीतरी हवं होतं. वेड्या, मला राग एवढ्याचाच आला की इतके महिने तू एकट्याने हे सोसलंस, आणि मी इथे तुला उंटावरून शेळ्या हाकणारा म्हणत बसले. मला तुझी फार आठवण येते. हे मी फोनवर कधी म्हणत नाही, म्हणून इथे सरळ लिहिते. ये. दया म्हणून बोलावत नाही. बार्जवाल्यांचे नमुने जनेलीपाशी रांगेत उभे आहेत, प्रत्येक तेलाचा स्वभाव निराळा, आणि त्यांना कोणतं वखद लागेल ते मला सांगता येत नाही. मी वेग बघू शकते, वखद तुझंच. बाटली हलवून कानाशी धरणारा माणूस डिचोलीत दुसरा नाही. चतुर्थीच्या आधी ये, आईंना काय सांगायचं ते तुझ्या तोंडाने सांग, त्या तुला ओरडतील आणि मग जेवायला वाढतील. भिंतीवरची तुझी लाल ओळ मी पुसलेली नाही, ती तू पुसायची आहेस. नॉबला मात्र हात लावायचा नाही. बियरवाल्याचा कागद जसा आला तसा परत पाठवते आहे, सहीची जागा कोरी ठेवून. तुला माझी सही हवी होती ना? ती मी इथे करते आहे.

तुझीच,
विनिता